न पळणारे चोर

राक्षस काढणं सोपं असतं. दात वाढवा, डोळे खोल करा, उरलेल्या जागेत काळी शाई ओता, झालं काम. कठीण असतात ते माणसाचे पाय. त्यातही पळणाऱ्या माणसाचे. उभी हयात डहाणूत ब्रश हातात धरून काढली, पण पळणारा माणूस मला कधी जमला नाही. मी काढलेला पळणारा माणूस शेवाळावर घसरल्यासारखा दिसायचा. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आग्रह झाला तेव्हा अंगात त्राण नव्हतं, आजही फारसं नाही. पण कॉमिकवाला म्हणून लोक मला ओळखतात, आणि ते कॉमिक बंद का पडलं हे विचारून विचारून माझं डोकं खातात. म्हणून एकदाच सांगून टाकतो.

मी मूळचा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचे शेर, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीत भिंतीच्या भिंती. मग फ्लेक्स आला. मशीनला ना हात दुखतो ना मधेच चहा लागतो. दोन-तीन वर्षांत आमच्या धंद्याचे बारा वाजले. तरी ज्यांना सवय होती ते येत राहिले. त्यातल्या एक नरपडच्या सुमनकाकू. त्यांची चिकूची वाडी. फळ धरलं की चोर हजर. राखणदार ठेवला तर तोच झोपायचा. शेवटी वैतागून माझ्याकडे आल्या.

म्हणाल्या, "पेंटर, एक राक्षस काढून दे. मोठा. चोराची बघूनच गाळण उडाली पाहिजे."

काढला. माणसाहून उंच पत्रा, त्यावर लाल जिभेचा राक्षस, हातात तलवार. वाडीच्या कुंपणाशी उभा केला. आठवडाभरात चोरांनी चिकू तर नेलेच, वर राक्षसही उचलून नेला. काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझा राक्षस चोरांना फार आवडला बघ. परत काढायला येऊ नकोस." तोंडात मारल्यासारखा घरी आलो.

पण गंमत पुढेच आहे. तो पत्रा बोर्डीच्या बाजूला कुणाच्या तरी वाडीत उभा सापडला. चोरांनी तो विकला असणार, आणि घेणाऱ्यानं चोरांना घाबरवायला लावला असणार. त्या वाडीत मुंबईचा एक लहानसा प्रकाशक सुट्टीला उतरला होता. त्यानं राक्षस पाहिला आणि कुणी काढला, कुणी काढला असं विचारत माझ्या दारात आला. साल २०१४. त्याला मुलांसाठी आणि थोड्या मोठ्यांसाठीही तलवारी-जादूटोण्याचं मराठी कॉमिक काढायचं होतं. मी त्याला पत्र्याची हकिकत सांगितली. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "राक्षसच चोरून नेणारे चोर! हेच आपले हिरो."

असे घोरपड आणि मुंगूस जन्माला आले. घोरपड उंच, काटकुळा, कुठल्याही तटाला चिकटून चढणारा. मुंगूस बुटका, तोंडाळ, नाकानं सोनं हुंगणारा. अंधारनगर नावाच्या राज्यात दोघं चोऱ्या करतात आणि दर चोरीत काहीतरी अमानवी समोर येऊन उभं राहतं. विहिरीतली हडळ, मीठ खाणारा राजा, देवळाच्या खांबात राहणारा मांत्रिक. मजकूर प्रकाशक लिहायचा, चित्रं माझी.

धंद्याचं थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं, बसलं आणि काढलं. आधी पान चौकटींत वाटून घ्यायचं. मग पेन्सिल, मग शाई. बोलणं मावेल एवढी जागा डोक्याशी सोडायची, नाहीतर हिरोच्या कपाळावर अक्षरं येतात. आणि भीती दाखवायची तर ती उजव्या पानावर कधीच दाखवायची नाही. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत नुसता दरवाजा किलकिला करायचा, किंवा मुंगुसाचे डोळे मोठे करायचे. जे काय आहे ते पान उलटल्यावर. वाचणाऱ्यानं स्वतःच्या बोटानं ते उघडलं पाहिजे, तरच घाबरतो. हे मला पहिले दोन अंक फुकट घालवल्यावर कळलं.

आता पायांचं. चोरांच्या गोष्टीत चोर पळणारच. पहिल्याच अंकात प्रकाशकानं लिहिलं होतं: ‘दोघे जिवाच्या आकांताने पळतात.’ मी सात-आठ वेळा काढून खोडलं. शेवटी त्याला फोन केला, म्हटलं, बाबा रे, यांना उभं राहू दे. त्यानं विचार केला आणि एक नियम बनवला. अंधारनगरातला कुठलाही राक्षस पळणाऱ्यालाच धरतो. जो जागचा हलत नाही, त्याला हुंगतो आणि निघून जातो. वाचकांना हे फार आवडलं. दोघं श्वास रोखून उभे, राक्षसाचं नाक मुंगुसाच्या कानाशी, आणि मुंगुसाला शिंक येतेय. पत्रं येत, काय धाडसी चोर आहेत. मी मनात म्हणायचो, कसलं धाडस, माझे पाय कच्चे.

अंक मुंबईत किती खपायचे, देव जाणे. आमच्याकडे मात्र मी चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत गोणपाट टाकून बसायचो. एका बाजूला बांगड्या, दुसऱ्या बाजूला सुकी मासळी. वासानं माझे अंक वर्षभर ओळखू यायचे. तिथं भेटलेली गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. एक म्हातारा भगत दर वर्षी येऊन उकिडवा बसायचा आणि माझी भुतं तपासायचा. म्हणायचा, "भुताचे पाय उलटे असतात. तुझ्या भुताचे सरळ कसे?" मी म्हणायचो, "बाबा, मला सरळच धड जमत नाहीत, उलटे कुठून आणू?" डहाणू स्टेशनजवळचा कुलपं विकणारा एक गुजराती शेठ तर मागेच लागला होता. "पेंटरभाई, एक वार्तामां मारी दुकान नाखो. चोर आवे, ताळुं ना तूटे, पाछा जाय." म्हणजे माझ्या हिरोंनी त्याच्या कुलपापुढे हात टेकायचे. मी काढलंही एक पान, पण प्रकाशकानं कापलं. तेव्हापासून शेठ मला पाहून न पाहिल्यासारखं करतो. आणि एक हवालदारसाहेब अंक चाळून गंभीरपणे म्हणाले होते, "तट चढायची पद्धत एवढी डिटेलमध्ये दाखवू नका." जसे काय डहाणूतले चोर माझ्याकडे क्लास लावून बसले होते.

आणि चैत्याबाबा. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा म्हातारा. वाचता येत नव्हतं. पहिल्या वर्षी अंक हातात घेऊन तासभर उभा राहिला. एकेक चौकट बोटानं धरून पुढे जायचा. मी म्हटलं, घ्यायचा तर घ्या, नाहीतर मळेल. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "हे दोघं पळत नाय?"

"नाय."

"वाचतात?"

"वाचतात."

"खरं काढलंस," तो म्हणाला. "वाघाला पाठ दाखवायची नाय. मी पोर असताना वाघ असा समोर आला व्हता. उभा रायलो. म्हणून हाय."

अंक घेऊन गेला. त्यानंतर दर वर्षी यायचा. सोबत सून असायची, सोनी. ती सुमनकाकूंच्याच वाडीत कामाला जायची, रोज सकाळी मजुरांच्या टेम्पोनं. आश्रमशाळेत शिकलेली, वाचायची चांगली. ती म्हणायची, "पेंटरकाका, घरी मी वाचते आणि बाबा ऐकतो. कुठं थांबू देत नाय." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? प्रकाशकाच्या कौतुकापेक्षा जास्त बरं वाटायचं.

२०१८च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. ज्यांनी पेपरात वाचलं असेल ते विसरलेही असतील, पण तलासरी आणि डहाणूच्या आतल्या बाजूला महिनोन्‌महिने हे चाललं होतं. आधी जमिनीतून गुरगुर यायची, मग भांडी वाजायची, मग भिंती. डहाणूत आम्हाला थोडं जाणवायचं. पाड्यांवर मात्र लोकांनी झोप सोडली होती. सरकारी माणसं सांगून गेली, रात्री घरात झोपू नका. तंबू आले, काहींनी ताडपत्र्या बांधल्या. ऐन थंडीत पोराबाळांसकट लोक अंगणात. जुनी कुडाची घरं हलायची आणि पुन्हा नीट बसायची. ज्यांनी घरकुलात विटांच्या भिंती बांधल्या होत्या, त्यांना भेगा पडल्या.

एका दुपारी सोनी माझ्या दारात आली. सुमनकाकूंकडून अर्धा दिवस सुट्टी मागून आली होती. पाणी दिलं तर प्यायली नाही.

"काका, बाबा बाहेर येत नाय."

"कुठून बाहेर?"

"घरातनं. भिंतीला एवढी भेग गेलीय, माझा हात जातो त्यात. आम्ही सगळी बाहेर झोपतो, तो एकटा आत बसतो. म्हणतो, खाली वाघ फिरतोय, पळेल त्याला धरेल. नवरा भांडला, सरपंच येऊन गेला. कोणाचं ऐकत नाय. तुमचं पुस्तक काढतो आणि दाखवतो. म्हणतो, पेंटरनं पण हेच लिवलंय, शहरातला माणूस काय खोटं लिवतो?"

काय सांगणार तिला? की हा नियम ना शास्त्रातला ना देवाधर्मातला, एका पेंटरला पाय काढता येत नाहीत म्हणून केलेली सोय आहे?

"रात्रभर मी जागी असते," ती म्हणाली. "जरा हललं की दाराशी जाऊन हाका मारते. आत जायला नवरा सोडत नाय, लहान पोरं आहेत म्हणून. एखाद दिवस भिंत पडेल आणि मी बाहेर उभी राहून बघत बसेन. तुम्ही त्या दोघांना पळवा, काका. तुम्ही पळवलं तर तो पळेल."

त्या वेळी प्रकाशकाचंही जमत नव्हतं. एक शेवटचा अंक काढून मालिका गुंडाळायची असं त्यानं कळवलं होतं, मीही थकलो होतो, डोळ्यांना शाईच्या रेषा जुळ्या दिसायला लागल्या होत्या. त्यात हे काम. ना अंक, ना छपाई, एका म्हाताऱ्यासाठी एक पान. बायको म्हणाली, "आता म्हातारपणी पळायला शिका." आणि मी खरंच शिकलो. शाळेच्या मैदानाच्या कठड्यावर बसून पोरांचे पाय बघायचो. पुढचा पाय जमिनीला टेकतो तेव्हा मागचा कुठे असतो, कंबर कुठे जाते, खांदा कुठे. मास्तर दोनदा विचारून गेले, काय हवंय म्हणून. शेवटी एक जमलं. घोरपडीनं मुंगुसाचं मनगट धरलंय आणि गुहेतून दोघं बाहेर पळताहेत. मागे राक्षसाचा पंजा रिकाम्या हवेत. आयुष्यातलं माझं ते बरं पान होतं, हे मी आजही म्हणेन.

ते घेऊन मी पाड्यावर गेलो. दुपारची वेळ, सोनी त्या दिवशी घरीच होती. चैत्याबाबा आत, भिंतीला टेकून बसला होता. भेग त्याच्या डोक्यावरून कौलांपर्यंत गेलेली. मी म्हटलं, बाहेर बसून दाखवतो. तो हलला नाही. मग मीच आत जाऊन त्याच्या समोर बसलो. सोनी दारातून म्हणाली, "काका, तुम्ही तरी आत नका जाऊ." मी तिला हातानं थांबवलं.

त्यानं पान मांडीवर घेतलं. बोटानं घोरपडीचा पाय धरून वर गेला, खाली आला. खूप वेळ बघितलं.

"हे ते दोघं नाय," तो म्हणाला.

"तेच आहेत, बाबा. शेवटच्या गोष्टीत पळतात. आणि वाचतात."

"तुला हिनं सांगितलं. म्हणून काढलंस."

"हो, सांगितलं. पण खरं सांगतो, आधीचंच खोटं होतं. मला पळणारी माणसं काढता येत नव्हती, म्हणून ती उभी होती. दुसरं काही नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असं वाटलं. काहीतरी बोलणार तोच खालून आवाज आला.

त्या आवाजाबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. घराखालून भरलेला ट्रक जातो तसा. मी राक्षसांची चित्रं काढून पोट भरलेला माणूस, भीती कुठल्या पानावर ठेवायची हे लोकांना शिकवणारा. उठावं असं वाटत होतं, पण शरीर ऐकत नव्हतं. सोनी ओरडत होती. वरून माती पडायला लागली, एक कौल माझ्या गुडघ्याशी फुटलं. मी बसून राहिलो. खरंच, नुसता बसून राहिलो.

मग माझं मनगट कुणीतरी धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्यानं मला ओढलं, दाराच्या चौकटीवर माझं डोकं आपटलं, पायातली चप्पल आतच राहिली, आणि आम्ही दोघं अंगणात येऊन पडलो. भिंत नंतर गेली. फार मोठा आवाज नाही झाला. आतल्या बाजूला कोसळली, आम्ही बसलो होतो तिथंच, आणि धूळ दारातून बाहेर आली.

सोनी धावत आली. आधी सासऱ्याला धरलं, मग मला, मग एकदम रडायला लागली. म्हाताऱ्याला शिव्या देत होती आणि त्याची पाठ चोळत होती. मला लाज वाटत होती. ज्याला बाहेर काढायला गेलो, त्यानंच मला उचलून आणलं होतं.

धूळ बसेपर्यंत चैत्याबाबा घराकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "तू उठत नव्हतास."

"नाही," मी म्हटलं. "पाय उचलत नव्हते."

"भाऊ पण व्हता," तो म्हणाला.

सोनीचा हात थांबला. "कोण भाऊ?"

"थोरला. वाघ आला तवा आम्ही दोघं व्हतो. तो पळला. मी उभा रायलो. वाघ त्याच्या मागं गेला. भाऊ हाका मारत व्हता. माझं नाव घेत व्हता. मी उभाच रायलो. लोक म्हणले, शहाणा पोर, उभा रायला म्हणून वाचला. मग मी पण तेच सांगत रायलो."

सोनी इतकी वर्षं त्या घरात होती, तिनं हे कधी ऐकलं नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं, असं पुढे कळलं. घरात थोरल्या काकाचं नावच कुणी घेत नसे, लहानपणीच गेला एवढंच सगळ्यांना ठाऊक.

मला तेव्हा कळलं की त्याला माझं पुस्तक का आवडायचं. इतकी वर्षं मी समजत होतो, वाघाची आठवण येते म्हणून. तसं नव्हतं. माझ्या पुस्तकात दोघं उभे राहतात आणि दोघंही वाचतात.

मी त्याच्या शेजारी मातीत बसून राहिलो. माझा गुडघा सुजला होता, त्याची कोपरं सोलली होती. त्याचा मुलगा कामावरून धावत आला, आजूबाजूची माणसं जमली, कुणीतरी चहा आणला. त्या संध्याकाळी चैत्याबाबानं कुणी न सांगता आपली गोधडी मागितली आणि तंबूत, नातवंडांच्या पायाशी अंथरली. सोनी त्या रात्री झोपली असेल, असं मला वाटतं.

शेवटचा अंक निघाला नाही. प्रकाशक वर्षभर फोन करत राहिला, मग त्यानंही सोडलं. मी त्याला सांगितलं की डोळे जातायत, ते खोटं नव्हतं. पण त्या दोघांना पुन्हा राक्षसापुढे उभं करायला माझा हात होत नव्हता. जत्रेतही मी नंतर गोणपाट टाकलं नाही.

त्या दिवशी निघायच्या वेळी मी माझी पिशवी शोधली. पान म्हाताऱ्याच्या हातातच होतं. अंगणात पडलो तेव्हाही त्यानं ते सोडलं नव्हतं, अर्धं फाटलं होतं, मातीनं भरलं होतं. मी म्हटलं, "बाबा, दे, घरी जाऊन दुसरं चांगलं काढून आणतो."

"नको," तो म्हणाला. "हेच ऱ्हाऊ दे."

मग त्यानं फाटलेल्या दोन कडा जुळवल्या आणि घोरपडीनं मुंगुसाचं मनगट जिथं धरलं होतं, तिथं अंगठा दाबून धरला.